उसन्या उजेडाचं जंगल

डिस्नेचा २०१६ सालचा ‘द जंगल बुक’ ज्यांनी श्रेयनामावलीच्या शेवटापर्यंत बसून पाहिला, त्यांना तिथे एक खोडकर ओळ भेटली असेल. हा चित्रपट लॉस एंजेलिसच्या भर वस्तीत चित्रित झाल्याचं ती ओळ सांगते. पावणेदोन तास आपण जे जंगल पाहिलं, पानांतून गळणारं ऊन, नदीवरचं धुकं, वणव्याची तांबूस धग, त्यातलं जवळजवळ काहीच कॅमेऱ्यासमोर नव्हतं. कॅमेऱ्यासमोर होता नील सेठी नावाचा न्यूयॉर्कचा मुलगा, त्याच्या पायाखाली माती-खडकाचा बनवलेला एक तुकडा आणि चहूकडे निळे पडदे. बाकीचं जंगल संगणकात उगवलं. त्या कामासाठी रॉबर्ट लेगाटो, अ‍ॅडम वाल्डेझ, अँड्र्यू जोन्स आणि डॅन लेमन यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं.

मोगलीच्या या गोष्टीतली वैनगंगा नदी मात्र खरी आहे. शिवनी जिल्ह्यात ती उगम पावते, बालाघाट शहराला लागून वाहते, मग महाराष्ट्रात शिरून गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातून जाते, गोसीखुर्दच्या धरणात अडते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत विसावते. गोंदियाहून बालाघाट रेल्वेने जेमतेम चाळीस किलोमीटर. १९५६ पर्यंत ही सगळी मंडळी नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातलीच. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला; सोयरिकींनी ती हद्द कधी मनावर घेतली नाही. बाजारात हिंदी, पोवारी, मराठी आणि गोंडी एकमेकींच्या खांद्यावरून बोलत असतात. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,२२९ चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाख. मलाजखंडचं तांबं, भरवेलीचं मँगनीज आणि बाकी जंगल. याच जिल्ह्याच्या बैहर तालुक्यात मुक्कीचं फाटक आहे, जिथून कान्हा व्याघ्र प्रकल्पात शिरता येतं.

मोगलीच्या गोष्टीत शिवनीच्या टेकड्या येतात आणि नदी येते ती वैनगंगाच. या नदीकाठचं जंगल जगाने निदान पाच वेळा बांधलं आणि पाचही वेळा ते नदीपासून हजारो किलोमीटरवर बांधलं.

पहिलं बांधकाम शब्दांचं. रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिकवत. पण ‘द जंगल बुक’ (१८९४) लिहिलं गेलं ते अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात, ब्रॅटलबरोजवळ, जिथे हिवाळ्यात दाराशी बर्फ साचतं. किपलिंग शिवनीला कधी गेला नव्हता. त्याच्याजवळ होती इतरांची पुस्तकं, मुख्यतः रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याचं सातपुड्यातल्या शिवनीच्या छावणी-जीवनावरचं १८७७ चं पुस्तक, आणि भारतातल्या वास्तव्याच्या आठवणी. दुसरं बांधकाम १९४२ चं, झोल्टान कोर्डाचं, म्हैसूरच्या साबूला मोगली करून कॅलिफोर्नियात उभारलेलं. तिसरं १९६७ चं, डिस्नेच्या चित्रकारांनी ब्रशने रंगवलेलं. चौथं आपल्या पिढीच्या अंगवळणी पडलेलं: जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये केलेली मालिका, जी दूरदर्शनवर हिंदीतून रविवारी सकाळी लागायची आणि घराघरांतली आंघोळीची वेळ पुढे ढकलायची. पाचवं २०१६ चं.

या पाचांत पाचवं वेगळं. पहिल्या चारांत उजेड कुणीतरी लिहिला, टिपला किंवा रंगवला होता. पाचव्यात तो हिशेबाने मोजून काढला आहे. झाडं कुठे आहेत, पानं किती जाड आहेत, सूर्य किती वर आहे एवढं संगणकाला सांगितलं आणि उजेड कुठे कसा पडेल ते त्यालाच शोधायला लावलं. आभासी जगात निसर्ग उभा करणाऱ्या प्रत्येकाची आज हीच वाट आहे, म्हणून ती जरा थांबून पाहण्यासारखी आहे.

झाड उगवणं हा भाग तुलनेने लवकर सुटला. अरिस्टिड लिंडेनमायर या हंगेरियन जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये शेवाळासारख्या सजीवांची वाढ सांगण्यासाठी एक छोटं व्याकरण तयार केलं: या पेशीच्या जागी या दोन ठेवा, मग त्या प्रत्येकीच्या जागी आणखी दोन. हेच नियम फांद्यांना लावले की झाड फुटतं. प्रुसिन्कीविच या संगणकशास्त्रज्ञासोबत १९९० मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि संगणकातली वनशेती सुरू झाली. साल, खडक, ढग यांचा खरखरीतपणा केन पर्लिनच्या गणितातून आला. १९८२ च्या ‘ट्रॉन’ चित्रपटावर काम करताना संगणकी चित्रांचा गुळगुळीतपणा त्याला खटकला आणि त्याने बेशिस्तपणाची एक शिस्तशीर रीत बसवली. या रीतीसाठी अकादमीने त्याला १९९७ मध्ये तांत्रिक पुरस्कार दिला.

उजेड मात्र हट्टी निघाला. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी एक समीकरण मांडलं. त्याचा मराठीतला मथितार्थ असा: कुठल्याही ठिकाणाहून तुमच्या डोळ्याकडे येणारा उजेड म्हणजे त्या ठिकाणाचा स्वतःचा उजेड, अधिक आजूबाजूच्या सगळ्या ठिकाणांहून त्याच्यावर पडून उलटलेला उजेड. ऐकायला सरळ. पण त्या आजूबाजूच्या ठिकाणांचा उजेडही असाच इतरांकडून आलेला, आणि त्या इतरांचा आणखी इतरांकडून. उधारीची ही साखळी संपतच नाही. मग संगणक अंदाजपंचे पण प्रामाणिक मार्ग घेतो. प्रत्येक ठिपक्यातून शेकडो किरण उलटे सोडतो, ते पानावरून खोडावर, खोडावरून मातीवर उसळत जातात, आणि एखादा सूर्याला जाऊन भिडला की त्याची नोंद होते. किरण कमी सोडले तर चित्रात भलतेच चकाकते ठिपके उरतात. या धंद्यात त्यांना ‘फायरफ्लाय’ म्हणतात आणि ते पुसायला वेगळी साधनं आहेत. चित्रपटाच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात, आणि दाट जंगलाची एकेक चौकट काढायला कित्येक तास जाऊ शकतात.

हे सगळं करून मिळतं काय, ते पाहायला मुक्कीला जावं. पावसाळ्याचे तीन महिने बंद असलेलं कान्हा १ ऑक्टोबरला उघडतं. तेव्हा गवत अजून उंच असतं. मुक्कीच्या बाजूचं जंगल मुख्यतः सालाचं, उतारांवर बांबू आणि माथ्यावर ‘दादर’ म्हणून ओळखली जाणारी गवताळ पठारं. सालाचं पान चिवट, चकचकीत. वरून पाहिलं तर गर्द हिरवं. तेच उन्हाकडे धरून खालून पाहा: पोपटी, पिवळसर, शिरा उठून दिसणारं. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड खाऊन टाकतं. हिरव्यातला काही परत फेकला जातो, काही आरपार जातो, आणि या दोहोंचा रंग एक नसतो. जुन्या संगणकी चित्रांत पानाला एकच रंग दिलेला असायचा, म्हणून ती झाडं लग्नमंडपातल्या प्लॅस्टिकच्या तोरणासारखी दिसत. उजेड वस्तूच्या आत शिरून, भटकून, दुसरीकडून बाहेर पडतो याचं व्यवहारात वापरता येईल असं गणित हेन्रिक वान येन्सेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दिलं, तेव्हा दूध, संगमरवर आणि माणसाची कातडी पहिल्यांदा संगणकात जिवंत वाटू लागली. पानांनाही त्याच विचाराचा फायदा झाला.

मग कवडसे. सालाच्या छताखाली जमिनीवर पडलेले कवडसे बहुतेक गोल किंवा लंबगोल असतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, तरी कवडसा गोल, कारण प्रत्येक फट हा एक सुईछिद्र कॅमेरा असतो आणि जमिनीवर पडते ती सूर्याची प्रतिमा. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीच्या आकाराचे होतात. शहरातल्या पिंपळाखालीही हे पाहता येतं. आभासी जगात पूर्वी सूर्य हा एक बिंदू धरलेला असायचा, त्यामुळे सावल्यांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या येत. सूर्याला त्याची खरी रुंदी, आकाशातली अर्ध्या अंशाची, दिली की कवडसे आपोआप गोल होतात. कुणी ते काढलेले नसतात. या एका गोष्टीसाठी मला काजियांचं समीकरण आवडतं.

धुकं त्याहून कठीण, कारण तिथे उजेड कशावर पडत नाही, तो हवेतच अडखळतो. डिसेंबर-जानेवारीत कान्ह्याच्या कुरणांवर पहाटे दहिवर गोठतं, बंजर नदीवरून वाफ उठते आणि सूर्य सालाच्या रांगेवर आला की ताठ खोडांच्या सावल्या धुक्यात पडद्यांसारख्या उभ्या राहतात. संगणकाला हे दाखवायचं तर हवेच्या प्रत्येक थरात किरण किती विखुरतो ते मोजावं लागतं. २०१६ च्या चित्रपटात हे काम अप्रतिम झालं आहे, आणि ते मी मनापासून म्हणतो.

तरी ते जंगल बालाघाटचं नाही. पडद्यावर वडासारखे राक्षसी बुंधे, हातभर जाड मुळ्या, धबधबे, वेलींचा गुंता. सगळं बाराही महिने ओलं. भारतातल्या जंगलांत हिंडून बंगळुरूच्या कलाकारांनी संदर्भासाठी छायाचित्रं काढली होती, त्यामुळे सुटी सुटी पानं खरी आहेत, पण त्यांची वस्ती काल्पनिक आहे. सालाच्या जंगलाचा उजेड उभा असतो. बुंधे सरळ, अंतराअंतरावर, छत उंच. मार्चमध्ये सालाला नवी तांबूस पालवी येते, कुसुमाची झाडं तर लालभडक होतात, पळस आधीच पेटलेला असतो, आणि खाली गळलेल्या पानांचा थर इतका कोरडा की त्यावरून उलटणाऱ्या उन्हाने जंगलाची खालची बाजूही तांबूस दिसते. चांदण्या रात्री भुत्याचं पांढरं खोड दुरून माणूस उभा असल्यासारखं दिसतं. यातलं फारसं काही मोगलीच्या पाचही जंगलांत सापडत नाही.

आणखी एक गोष्ट नाही, ती म्हणजे इथून हलवलेली माणसं. कान्ह्यातली जी मोकळी कुरणं पाहून पर्यटक कॅमेरे सरसावतात, ज्यांवर सकाळचं ऊन बारशिंग्यांच्या शिंगांत अडकतं, त्यांतली बरीचशी हलवलेल्या गोंड-बैगा गावांची जुनी शेतं आहेत. कठीण जमिनीवरचा बारशिंगा १९७० मध्ये ६६ वर आला होता. तो वाचला, त्यात या कुरणांचा मोठा वाटा आहे. त्याची किंमत कुणी दिली तेही सांगायला हवं. किपलिंगने १८९५ च्या दुसऱ्या भागात मोगलीकडून एक अख्खं गाव उठवून जंगलाच्या घशात घातलं. बर्फाळ व्हरमाँटमध्ये ते सुचलं असेल तेव्हा त्याला हा योगायोग ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

चित्रपटात प्रेक्षक खुर्चीला खिळलेला असतो. आभासी जगातल्या प्रकाशकलेत तो आत चालत जातो, आणि हा फरक तंत्राचा कमी, स्वभावाचा जास्त आहे. या वाटेवरचं पहिलं मोठं काम कॅनडाच्या शार डेव्हिस या चित्रकर्तीचं. त्यांची जवळच्या नजरेपलीकडची दृष्टी फार अधू. चष्म्याविना दिसणारं जग, जिथे कडा विरघळतात आणि वस्तू उजेडाचे पुंजके होतात, ते त्या कॅनव्हासवर रंगवत होत्या. १९९५ मध्ये मॉन्ट्रियलच्या समकालीन कला संग्रहालयात त्यांनी ‘ऑस्मोस’ मांडलं. डोक्यावर यंत्र, छातीवर श्वास मोजणारा पट्टा. श्वास आत घेतला की तुम्ही वर तरंगता, सोडला की खाली जाता, अंग झुकवलं की दिशा बदलते. मधोमध एक अर्धपारदर्शक झाड, त्याच्या पानात शिरता येतं, मुळांखाली जाता येतं. बटणं नाहीत, शत्रू नाहीत, गुण नाहीत. डायव्हिंग करत समुद्रात घालवलेल्या तासांचा त्यावर ठसा होता. तीस वर्षांत यंत्रं शेकडो पटींनी वेगवान झाली, पण ‘ऑस्मोस’ची बरोबरी करणारी कामं हाताच्या बोटांवर मोजता येतील. ब्रिटनच्या मार्शमॅलो लेझर फीस्ट या गटाने २०१५ मध्ये ग्रायझडेलच्या जंगलातच यंत्रं टांगून लोकांना डास, चतुर, बेडूक आणि घुबडाच्या नजरेने तेच जंगल दाखवलं. लेझरने मोजलेलं जंगल उजेडाच्या ठिपक्यांनी भरलेलं. हे काम मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण ते जंगलाऐवजी काही देऊ करत नाही. प्रेक्षक जंगलातच उभा असतो.

या महागड्या प्रयोगांच्या बाजूला हौशी लोकांचीही एक मोठी वस्ती आहे. लिंडन लॅबने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘सेकंड लाइफ’सारख्या जगात माणसं स्वतःच्या जमिनीवर चमकती झाडं, उजळणारी तळी, तरंगणारे प्रकाशकण उभे करत आली आहेत. तिथे काजियांचं समीकरण चालवायला वेळ नसतो. तुम्ही मान वळवली की चित्र त्याच क्षणी हवं. म्हणून तिथले कलाकार चतुराई करतात. वस्तूला ‘ग्लो’ देतात, म्हणजे ती स्वतः चमकते पण शेजारच्या कशावर उजेड पाडत नाही. तांत्रिकदृष्ट्या ही पळवाट. पण निसर्गात असाच वागणारा एक जीव आहे.

मे अखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत भंडारदऱ्याला गेलेल्यांना तो माहीत आहे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाच्या झाडांवर काजव्यांची दाटी होते आणि अख्खं झाड एका लयीत लुकलुकतं. झाड लखलखतं, पण त्याखाली उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. काजवा उजेड पाडत नाही, निरोप देतो. ही एकलय संगणकात बसवायला जड गणित लागत नाही. योशिकी कुरामोतो या जपानी भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलेलं प्रारूप पुरतं: प्रत्येक काजव्याला स्वतःचं घड्याळ द्या, आणि ते घड्याळ बाकीच्यांच्या घड्याळांकडे सतत थोडं थोडं ओढत राहा. सुरुवातीला सगळा गोंधळ असतो, मग हळूहळू लाटा उठतात आणि शेवटी झाड एकदम पेटतं-विझतं. अकरावीतला मुलगा हे एका संध्याकाळी लिहू शकतो. खऱ्या भंडारदऱ्यात मात्र शनिवार-रविवारी गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च इतके असतात की काजव्यांचे निरोप एकमेकांपर्यंत पोचणं मुश्कील होतं. वनखात्याला निर्बंध घालावे लागतात. ज्यांना फक्त व्हिडिओ हवा आहे त्यांनी आभासी झाडाखालीच उभं राहावं, असं म्हणायचा मोह होतो.

जंगलाचा उजेड बाहेरून येतो की आतून, हा प्रश्न इथे लागतो. पाचही मोगलींच्या जंगलात तो बाहेरून येतो, सूर्याचा नाहीतर आगीचा. बालाघाटच्या उत्तरेला, मंडला-दिंडोरीच्या पट्ट्यात, उजेड आतून येणाऱ्या झाडांची चित्रं लोकांनी काढून ठेवली आहेत. पाटणगढचे जनगढसिंह श्याम हे गोंड चित्रकार भोपाळच्या भारत भवनाच्या (स्थापना १९८२) शोधात जगदीश स्वामीनाथन यांच्या नजरेला पडले आणि भिंतीवरची कला कागदावर आली. २००१ मध्ये जपानमध्ये त्यांचा अकाली अंत झाला. त्याच परंपरेतले भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती यांचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ २००६ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सने काढलं. काळ्या हातकागदावर हाताने छापलेलं पुस्तक. त्यामागची गोंड समजूत अशी की दिवसभर झाडं राबतात, सावली देतात, फळं देतात. रात्री कुणी बघत नसताना त्यांचं खरं रूप प्रकट होतं. म्हणून काळ्या पानावर ती झाडं स्वतःच्या उजेडाने उभी आहेत. फांद्या सर्प होतात, हरणांची शिंगं होतात. २००८ मध्ये या पुस्तकाला बोलोन्याचा मोठा बालपुस्तक पुरस्कार मिळाला.

मराठी वाचकाला दुर्गाबाई दुसऱ्या वाटेने माहीत असतील: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरचं ‘भीमायन’ (२०११) त्यांनी आणि सुभाष व्याम यांनी चित्रांकित केलं, तेही चौकटींची सगळी सरळ रेघोटी झुगारून. आणि भज्जू श्याम यांनी किपलिंगची परतफेड केव्हाच करून ठेवली आहे. लंडनमधल्या एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला ते गेले आणि परत येऊन त्यांनी लंडनच जंगल म्हणून रंगवलं. ‘द लंडन जंगल बुक’ (२००४) मध्ये बिग बेन हा कोंबडा आहे. फरक एवढाच की भज्जू श्याम लंडनला प्रत्यक्ष गेले होते.

मला म्हणायचं आहे ते इथे आहे. आभासी जगात उजेड कुठे ठेवायचा याला निसर्गाचं बंधन नाही. झाडाच्या गाभ्यात ठेवा, बीजात ठेवा, एखाद्या देवाचं ठाणं असलेल्या साजा वृक्षात ठेवा. काजियांच्या समीकरणात त्याला जागा आहे: ‘त्या ठिकाणाचा स्वतःचा उजेड’ हे त्यातलं पहिलंच पद. हॉलिवूडने ते आगीपुरतं आणि ‘अवतार’सारख्या परग्रहापुरतं वापरलं. परग्रह शोधायची गरज नव्हती. मुक्कीच्या फाटकापासून काही तासांच्या अंतरावर ती दृष्टी तयार होती, ठिपक्या-रेघांच्या स्वतःच्या नियमांसकट. प्रत्येक गोंड चित्रकाराची भरण्याची नक्षी वेगळी, तीच त्याची सही. नियम देऊन झाड वाढवायचं तर लिंडेनमायरइतकेच हेही नियम वापरता येतात.

हात आपले आणि जंगल दुसऱ्याचं, असं आजवर झालं आहे. ‘लाइफ ऑफ पाय’चा वाघ घडवणाऱ्या रिदम अँड ह्यूज कंपनीची मुंबई आणि हैदराबादला कार्यालयं होती; कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात तिला ऑस्कर मिळालं. ‘द जंगल बुक’चं बहुतांश जंगल एमपीसी या कंपनीने घडवलं, त्यात तिच्या बंगळुरू शाखेचा मोठा वाटा होता. त्याच दिग्दर्शकाच्या, जॉन फॅव्हरोच्या, २०१९ च्या ‘द लायन किंग’मध्ये १,४९० चित्रचौकटींचे तुकडे संगणकात घडवलेले होते आणि एकच खरा, आफ्रिकेत चित्रित केलेला: सुरुवातीचा सूर्योदय. एवढं सगळं बनवून झाल्यावर पहिला उजेड त्याने उसना घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एमपीसीची मालक असलेला टेक्निकलर समूह कोसळला आणि भारतातले हजारो कलाकार एका झटक्यात घरी बसले. मराठी नावंही त्यांत कमी नसणार.

त्याच सुमारास, २ मार्च २०२५ ला, लॅटव्हिया या जेमतेम १८-१९ लाख वस्तीच्या देशातून आलेल्या ‘फ्लो’ला सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. एक मांजर, पूर, जंगल, पाण्यावरचा उजेड; एकही संवाद नाही. गिंट्स झिल्बालोडिस या दिग्दर्शकाने तो ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत केला, तोही काजियांच्या लांब वाटेने न जाता, खेळांत वापरतात त्या झटपट उजेडाच्या पद्धतीने. ब्लेंडर २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून, सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून, सर्वांसाठी खुला करून घेतला आहे. आभासी अवकाशात हवेत प्रकाशाच्या रेघा ओढता येणारा ‘टिल्ट ब्रश’ गुगलने जानेवारी २०२१ मध्ये खुला केला. तो आता ‘ओपन ब्रश’ या नावाने फुकट मिळतो. लोकसंख्येत लॅटव्हिया बालाघाट जिल्ह्यापेक्षा फार मोठा नाही. साधन नसल्याची सबब आता कुणाला देता येणार नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या दृश्यपरिणाम कलाकारांना एक विनंती. काम सुटलेलं असो वा नसो, येत्या मार्चमध्ये आठवडाभर बैहरला या. गोंदियाहून गाडी आहे, पुढे बस आहे. कुसुम लाल झालेला असेल, मोह गळत असेल. सालाची खोडं, पानं, कवडसे मोजून, टिपून घ्या आणि ती नोंद सर्वांसाठी खुली ठेवा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खोडकिडीपायी या भागातली लाखो सालाची झाडं तोडावी लागली होती. तशी वेळ पुन्हा आली तर निदान हिशेब हाताशी असेल. सोबत दोन-चार यंत्रं आणा आणि ती तिथल्या गोंड-बैगा चित्रकारांच्या, कॉलेजच्या पोरापोरींच्या हाती द्या, मानधनासकट आणि श्रेयनामावलीत नावासकट. वैनगंगेचं सहावं जंगल त्यांना बांधू द्या.